गुनबोर्गची हाक

छोटी तीन महिन्यांची व्हायला दोनच दिवस उरले होते आणि तिला अजून नाव नव्हतं. जन्माची आणि नावांची नोंद ठेवणाऱ्या कर कार्यालयाचं स्मरणपत्र फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं: नाव कळवायची मुदत सोमवारी संपते. इल्वाला त्या पत्राचं दडपण नव्हतं. तिचं कधीच ठरलं होतं. मुलीचं नाव गुनबोर्ग, इल्वाच्या स्वतःच्या आजीचं.

अडचण एवढीच, की तिच्याशिवाय ते कुणालाच पटत नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, आल्बिनचं म्हणणं होतं, सहा किलोच्या जिवावर एवढा धोंडा कशाला? शिवाय मुलगी मोठी झाली आणि अमेरिकेच्या विमानतळावर 'गन' म्हणून स्वतःची ओळख करून द्यायला लागली, तर तिला सोडवायला कोण जाणार? इल्वाची आई मारिता जास्त समंजसपणे बोलायची. दुसरं नाव म्हणून घाला की, म्हणायची. सगळे तेच करतात. पुढे लाडकं नाव, मागे आजी-पणजी; पासपोर्टाबाहेर कुणाला दिसत नाही, आणि म्हातारीचा मानही राहतो.

"म्हणजे माळ्यावर टाकायचं," इल्वा म्हणाली. तिला गुनबोर्ग पुढेच हवं होतं, रोज तोंडात येणारं.

तळ्यांच्या तळचा गाळ कापून त्यातले वर्षावर्षाचे थर मोजणं हे इल्वाचं काम. मतं तिला पुरत नसत. तिने सव्वाशे वर्षांची नावांची आकडेवारी मिळवली, आलेख काढला, आणि उत्तर सापडल्यासारखी खूश झाली. आईबापांच्या पिढीची नावं शिळी वाटतात, आजीआजोबांची म्हातारी, पणजोबांची मात्र पुन्हा गोड. सिक्स्टन, मायकेन, एब्बे ही नावं पूर्वी वृद्धाश्रमाच्या दारांवर असायची; आता बालवाडीच्या वाळूत त्यांच्या हाका ऐकू येतात. खुद्द आल्बिनचं नाव ठेवलं तेव्हा त्याची आजी रडली होती, बाळाला गडीमाणसाचं नाव दिलं म्हणून. आज ते नाव ऐकून कुणाची पापणी हलत नाही.

हा आलेख घेऊनच शनिवारी सगळे आजीच्या तळ्याकाठच्या लाल घरी गेले. गुनबोर्ग आजी सत्त्याऐंशी वर्षांची, अजून स्वतःची लाकडं स्वतः फोडणारी. कॉफी झाली होती, वेलचीचे पाव कापडाखाली गरम होते. नावाची गोष्ट तिच्या कानावर अजून कुणी घातलेली नव्हती. इल्वाने कप बाजूला सारून कागद पसरला. आजीने चष्मा लावला आणि नीट ऐकून घेतलं.

"इथे सगळ्यात जास्त गुनबोर्ग जन्मल्या," इल्वाचं बोट रेषेवरून उतरत गेलं. "इथे एकही नाही. आणि इथून ते परत चढणार."

"इथून म्हणजे कधी?"

"दहा-पंधरा वर्षांनी. त्या नावाची माणसं आजूबाजूला उरली नाहीत, की ते पुन्हा छान वाटायला लागतं."

चमचे थांबले. मारिता पावाकडे बघत राहिली. आपण काय बोललो हे इल्वाला सगळ्यात शेवटी कळलं, आणि तिचे कान तापले.

"असं होय," आजी म्हणाली. "म्हणजे मीच आडवी आलेय."

आल्बिनला कॉफीचा ठसका लागला. आजीला मात्र राग आलेला दिसला नाही. तिने आणखी एक पाव घेतला आणि आपलं मत दिलं: नको. तिच्या वर्गात गुनवोर होती, गुनहिल्ड होती, गुन-ब्रिट होती आणि ही गुनबोर्ग. मास्तर कंटाळून आडनावांनीच बोलवायचे. ते नाव नव्हतंच, गणवेश होता, ती म्हणाली. पोरीला तिचं स्वतःचं काहीतरी द्या.

आईचं आणि नवऱ्याचं बोलणं इल्वाने सहज परतवलं असतं. पण ज्या माणसासाठी हे नाव हवं होतं, तेच नको म्हणत होतं. तरी ती म्हणाली, "आजी, हिच्या वर्गात चार मायकेन असतील. गुनबोर्ग एकच असेल. तुझा गणवेश होता, हिचा नसेल."

आजीने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ते सगळं कागदावर. नाव कागदासाठी नसतं, पायरीवरून हाक मारायला असतं. जा, मारून बघ."

गावातल्या प्रत्येक नावाने ही परीक्षा दिलेली होती. इल्वाने छोटीला आल्बिनकडे दिलं, बाहेरच्या पायरीवर गेली आणि तळ्याच्या दिशेने एकदाच मोठ्याने हाक मारली. पलीकडच्या पाइनच्या रानातून हाक घुमून परत आली.

आणि मागे खुर्ची सरकली.

"आले," आजी म्हणाली. हातात अर्धा पाव तसाच धरून ती दारापर्यंत पोचलीही होती. तिथे थबकली.

कुणी हसलं नाही. औषधं द्यायला घरी येणारी नर्सबाई रोज तिला नावाने बोलवायची, पण कानाशी वाकून, हळू, जपून. अंगणापलीकडून कुणी तिला हाक मारली त्याला सत्तर वर्षं तरी झाली असतील. इल्वाला आणखी मुद्दे सुचत होते. तिने ते मांडले नाहीत.

आजी पायरीवर येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"चुकतेस. 'गुन'वर थांबायचं. आई ते लांबवायची. एवढं आखूड मारलंस तर पोहायला गेलेलं पोर घरी यायचं नाही."

"म्हणजे ठेवू?"

"आधी नीट मारायला शीक."

मग आजीने कठड्याला धरून श्वास घेतला आणि स्वतःचंच नाव तळ्यावर सोडलं, लांब, उतरत जाणारं. पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकलं. आल्बिनच्या खांद्यावरच्या पोरीने मान त्या आवाजाकडे वळवली. त्या वयात कुठल्याही आवाजाकडे मान वळते, एवढं इल्वाला माहीत होतं. तरी तिने ते पाहून ठेवलं.

आत जाऊन तिने फोनवर अर्ज उघडला. पहिल्या रकान्यात गुनबोर्ग लिहिलं, हाक मारायचं नाव म्हणून त्यावर खूण केली आणि पाठवून दिलं. मारिता तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने गार झालेली कॉफी ओतून टाकली आणि नवी वाढली. बाहेर आजी आता आल्बिनला शिकवत होती. तिसऱ्या खेपेला त्याची हाक पलीकडे पोचली.