सातवा फर्मा

छापखान्यात त्याला सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत. नावं ठेवण्यात छापखान्यातल्या माणसांचा हात धरणारं कोणी नाही, पण हे नाव काही त्यांनी शोधून काढलं नव्हतं. ते, अर्धंच का होईना, याच्याच तोंडून दिवसाला हजार वेळा बाहेर पडत होतं. त्याचं काम वाचकाचं. म्हणजे समोर मुद्रितशोधक लाल पेन घेऊन बसायचा, त्याच्यापुढे प्रूफ. याच्यापुढे लेखकाची मूळ प्रत. यानं ती मोठ्यानं वाचायची, चिन्हांसकट, आणि त्यानं प्रुफाशी ताडून बघायची. स्वल्प. अवतरण सुरू. अवतरण बंद. पूर्ण. नवा परिच्छेद. सगळं एका सुरात, एका वेगात. वाचक गोष्टीत रमला की स्वल्पविराम खातो, असं वरिष्ठांनी त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणि त्यानं ते इतकं मनावर घेतलं की एकतीस वर्षांत तो एकाही गोष्टीत रमला नाही. कायदे, कोश, कादंबऱ्या, सगळं त्याच्या तोंडातून गेलं. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

घरात खरी वाचणारी होती ती त्याची बायको. ती टपाल कचेरीत परदेशी पार्सलांच्या खिडकीवर होती. जगातल्या यच्चयावत देशांची नावं तिला पाठ, आणि पाहिलेला देश एकही नाही. पन्नाशी उलटली तेव्हा तिनं स्वतःशीच पैज लावली: साठीच्या आत साठ देश, तेही आधीच यादी करून ठरवलेले. एका देशाचं एक पुस्तक, तिथेच जन्मलेल्या माणसानं लिहिलेलं, आपल्या भाषेत आलेलं, आणि एकही पान न गाळता वाचलेलं.

“साठी बुद्धी नाठी म्हणतात,” ती म्हणाली होती. “पळून जायच्या आत बिचारीला जरा जग हिंडवून आणते.”

कचेरीनं टाकून दिलेला जगाचा नकाशा तिनं घरी आणला आणि पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. पुस्तक संपलं की रंगीत पेन्सिलीनं तो देश रंगवायचा. जेवताना ती त्याला त्या त्या देशातल्या भानगडी सांगायची, तो हं हं करायचा आणि वाढून घ्यायचा. वाईट नवरा होता असं नाही. दिवसभर कानात आणि तोंडात शब्दच, घरी आल्यावर ते कोणाला हवेत.

बावन्न देश रंगले आणि तिच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलं. आधी उजव्या, मग डाव्या. डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा उपचार केले, तिसऱ्या वेळी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. उजेड आणि सावली एवढं कळत राहील, म्हणाल्या. साठी यायला तेव्हा नऊ महिने होते.

तिच्या धाकट्या बहिणीनं फोनवर ऐकायची पुस्तकं भरून दिली, पण उरलेल्या आठ देशांतलं त्यात एकही नव्हतं. ती पलंगावर बसून नकाशाच्या दिशेनं बघत राही. दिसत तर काही नव्हतं. असं पंधरा दिवस पाहिल्यावर तो म्हणाला, “मी वाचतो की. एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?”

तिचा चेहरा असा फुलला की त्याला आपलीच लाज वाटली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि तिला हवं असलेलं, त्याला देता येण्यासारखं काही त्याच्याजवळ असल्याचं त्याला आठवत नव्हतं. आता होतं. आठ पुस्तकं, रोज दुपारी चार ते सहा वाजेपर्यंत. एवढं आपण तिला द्यायचंच, असं त्यानं ठरवलं.

पहिल्या दिवशी चष्मा पुसून, घसा खाकरून त्यानं सुरुवात केली: “पान पाच. दार उघडं होतं स्वल्प आणि आत कोणीच नव्हतं पूर्ण नवा परिच्छेद.”

ती इतकी हसली की उशीवर आडवी झाली. “अहो, चिन्हं नका वाचू. आणि पानांचे आकडेही नकोत. मला काय प्रूफ तपासायचंय?”

चिन्हं गाळायची म्हणजे त्याला चपला काढून खडीवर चालण्यासारखं झालं. दर वाक्याला जीभ अडे. मग त्यानं युक्ती काढली: स्वल्पविरामाला पायाचा अंगठा एकदा आपटायचा, पूर्णविरामाला दोनदा. वाचन सुरळीत सुरू झालं. आंधळ्या माणसाला फरशीवरचा अंगठा ऐकू येतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ती मधेच विचारी, “हे तो रागानं म्हणतोय का गमतीनं?”

“इथे उद्गारचिन्ह आहे,” तो सांगे.

“बरं, थोरल्यानं पत्र फाडलं ते का?”

“कुठलं पत्र?”

पत्र त्यानं पाचच मिनिटांपूर्वी वाचलेलं असे. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून ती सोडून देई आणि पुढे वाचा म्हणे. तरी त्रेपन्नावा देश झाला, चोपन्नावा झाला. तो नकाशापाशी जाऊन रंगवी, हद्दीच्या बाहेर जाई, ती त्याच्या दंडाला धरून भिंतीपर्यंत येई आणि रंगवलेल्या जागेवरून बोट फिरवी. “गेला बाई हाही,” म्हणे. त्या दोन वेळा दोघंही सुखात होती, हे सांगितलं पाहिजे.

पंचावन्नावं पुस्तक वाचनालयाच्या बाईंनी तळघरातून शोधून काढलं. लहानसा थंड देश, आपल्या भाषेत त्याचं हे एकच पुस्तक आलेलं, तेही चाळीस वर्षांपूर्वी. एका होडीवालीची गोष्ट होती. तिची मुलगी भांडून पलीकडच्या काठावर राहायला गेलेली, आई आजारी पडल्यावर परत येते, आणि दोघींना एकमेकींशी बोलायचं असतं ते काही बोलून होत नाही. तीन दिवस बायकोनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. हे पुस्तक तिला फार आवडलंय एवढं त्यालासुद्धा कळलं.

चौथ्या दिवशी होडीवाली पाणी मागते, मुलीला खिडकी लावून घ्यायला सांगते आणि मुलगी खिडकीपाशी असतानाच मरते. त्यानं ते वाचलं, अंगठा दोनदा आपटला, पान उलटलं. बायको उठून ताठ बसली. तो वाचत गेला. पाऊण तास झाला. तिनं दोन्ही हातांनी पांघरूण घट्ट धरलेलं होतं. रंगलीय, असं वाटून त्यानं थोडा वेग वाढवला. सहाला दहा कमी असताना ती म्हणाली, “थांबा.”

“दमलीस?”

“होडीवाली मेली का हो?”

त्यानं पानाकडे पाहिलं. पानावर मुलगी होती आणि तिची दोन पोरं होती. “मेली असेल,” तो म्हणाला.

“किती वेळा?”

त्याला प्रश्न कळला नाही.

“दोनदा मेली, अहो. तेच पाणी, तीच खिडकी. सगळं मघाचंच परत वाचलंत. मला वाटलं आता थांबाल, मग थांबाल. दुसऱ्यांदा ती पाणी मागायला लागली तेव्हा गोष्ट सोडून मी तुमच्या आवाजाकडे कान लावून बसले. अंगठा तेवढा वाजत होता.”

तो भराभर पानं चाळू लागला. एकशे बारानंतर पुन्हा सत्त्याण्णव. पुन्हा एकशे बारा, आणि त्यानंतर एकदम एकशे एकोणतीस. पानाच्या तळाशी बारीक आकडा होता, सात, आणि सोळा पानांनी परत सात.

“बाइंडरची चूक,” तो म्हणाला, आणि काय सांगावं, त्याला बरं वाटलं. चूक सापडली की त्याला नेहमीच बरं वाटे. “सातवा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, दोनदा शिवलाय आणि आठवा घातलेलाच नाही. तू पानांचे आकडे नको म्हणालीस ना, नाहीतर तिथल्या तिथे कळलं असतं.”

हे खरं होतं. खरं असलं तरी जीभ चावायला हवी होती.

“चूक पुस्तकात आहे ते कळलं मला,” ती म्हणाली. “मी तुमच्याबद्दल विचारत होते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान जेवण टाकून उठता येतं. ती नुसती पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला. दुसरी प्रत नव्हती, प्रकाशन कधीच बंद पडलं होतं. ते सांगायला तो परत आला तेव्हा चार वाजत आले होते आणि ती पलंगावर बसून होती.

“सोळा पानं गाळून तो देश रंगवायचा नाही,” ती म्हणाली. “तो राहिला की पैज संपली.”

“पुढची पुस्तकं तर वाचू.”

“तुमच्या तोंडून आता नको. वाईट वाटून घेऊ नका.” मग तिनं हात पुढे केला, तो त्याच्या गुडघ्याला लागला, तिथेच तिनं तो ठेवला. “एक करा. नियम माझेच आहेत, एकदा मोडते. ती सोळा पानं तुम्ही सांगा. काहीही सांगा. आई मेलीय, मुलगी खिडकीपाशी उभी आहे, मागे वळून बघतेय. पुढे काय झालं असेल? तुम्ही सांगाल ते मी त्या पुस्तकात धरीन. मग देश रंगवू. मग पुढचीही वाचा, अंगठा आपटून वाचलंत तरी चालेल.”

त्यानं मान हलवली, मग तिला दिसत नाही हे आठवून “बरं” म्हणाला. पुस्तक मांडीवर घेऊन बसला.

आई मेल्यावर माणूस काय करतो? त्याची आईही मेली होती. तो दिवस आठवायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला. सकाळी निरोप आला होता. तेव्हा टेबलावर एका कायद्याच्या पुस्तकाची सूची होती, ‘भ’पासून पुढची, आणि ‘म’ संपवूनच तो उठला होता. मालमत्ता, जंगम. मालमत्ता, स्थावर. मुखत्यारपत्र. ते सगळं क्रमानं आठवलं. घरी पोचल्यावर आईचा चेहरा कसा होता, आपण काय बोललो, कोणाला धरून रडलो का, यातलं काही म्हणता काही येईना. तिथे कोरी पानं होती, आणि एकतीस वर्षांत कोरं पान कधी कोणी त्याच्यापुढे ठेवलं नव्हतं.

गुडघ्यावरचा हात हलला नाही. ती त्याच्याकडे तोंड करून, जरा मान कलती करून बसली होती, आवडतं पुस्तक ऐकताना बसायची तशी. काहीतरी म्हणायलाच हवं होतं. त्यानं घसा खाकरला.

“नवा परिच्छेद,” तो म्हणाला.

ती वाट पाहत राहिली. सहा वाजेपर्यंत तिनं वाट पाहिली. मग चाचपत त्याच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “उद्या हे परत करून या.”