गाडी बंद पडली नव्हती

आमच्या मोंतेग्रेल्लोत गाडी तटाच्या खालच्या दरवाजापर्यंतच येते. पुढची चढण सगळ्यांना पायीच चढावी लागते. त्यामुळे कोण कुणाकडे निघालंय हे दारावर थाप पडायच्या आधीच गावाला कळलेलं असतं. त्या ऑक्टोबरात कोर्रादो मिठाईचा खोका घेऊन आला तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांनी एकमेकींना डोळ्यांनीच सांगितलं, ग्वाल्तिएरोकडे चाललाय.

कोर्रादो आमच्याच गावचा. बोलोन्या शहरात नोकरी करतो. सान मिकेलेच्या उत्सवात संताची मूर्ती दांड्या लावलेल्या पाटावर ठेवून खांद्यांवरून गावभर फिरवतात, तिची मागची डावी दांडी त्याच्या वडिलांची, ओरात्सिओंची. ते गेल्यावर ती कोर्रादोकडे आली. त्या वर्षी मात्र तो वेळेवर आला नाही. मिरवणूक खोळंबली, पाद्री चुळबुळ करू लागले. शेवटी ग्वाल्तिएरोने कोट काढून बायकोच्या हातात दिला आणि दांडीखाली खांदा घातला. वय सत्तरीच्या पुढचं. दरवाजाजवळच्या उतारावर दगड घासून गुळगुळीत झालेत, तिथे त्याचा पाय सटकला. दांडी त्याने सोडली नाही. मूर्ती वाचली, घोटा मोडला.

कोर्रादो पोचला तेव्हा रुग्णवाहिका खाली उतरत होती. "गाडी बंद पडली वाटेत," तो म्हणाला. सगळ्यांना पटलं.

"अरे, ये ये!" ग्वाल्तिएरोने त्याला बघून खुर्चीतूनच हाक मारली. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर होता. "मिठाई कशाला आणलीस? इरिदे, ताट वाढ गं याला."

इरिदे काकूंनी डाळीचं गरम सूप पुढ्यात ठेवलं. "खा. किती वाळलायस! मनाला लावून घेतलंयस तू. मी यांना तेच सांगते, पोराचा काय दोष?"

"यंत्रच ते," ग्वाल्तिएरो म्हणाला. "आमच्या वेळी गाढवं अडून बसायची, आता गाड्या बसतात. उलट मलाच वाईट वाटलं, तुझी सेवा चुकली म्हणून."

कोर्रादोने चमचा उचलला आणि परत ठेवला. महिनाभर तो हेच ऐकत होता. फोनवर काकू हेच बोलायच्या, आणि फोन ठेवल्यावर त्याला रात्रीचं जेवण जायचं नाही. येताना त्याने ठरवलं होतं, विचारपूस करायची, मिठाई द्यायची, निघायचं.

"काका," तो म्हणाला, "गाडी बंद पडली नव्हती."

काकूंचा हात पावावर थांबला.

"मी तळ्यावर होतो, माझ्या मैत्रिणीबरोबर, मिरियानाबरोबर. तळलेले मासे खात बसलो होतो. ती म्हणत होती, निघ आता. मीच म्हटलं, मिरवणूक कधी वेळेवर निघालीये? फोनही बंद करून ठेवला होता."

"मासे?" काकू म्हणाल्या. "हे इथे विव्हळत होते आणि तू मासे खात होतास?"

ग्वाल्तिएरो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "लसूण लावायचा राहिलाय. मळ्यात ने मला."

"अहो, या पायाने?"

"पायाने नाही. याच्या पाठीवरून."

मळा तटाबाहेर, दरवाजाच्या खालच्या अंगाला. म्हातारा अंगाने किरकोळ होता, तरी गल्ली उतरताना कोर्रादोला दर दहा पावलांवर पकड सावरावी लागत होती. तो जपून एकेक पाऊल टाकत होता. घोटा मोडला तो उतार अजून पुढे होता.

बाकावरची नुन्त्सियाता हसली. "अगंबाई! यंदा सान मिकेले दुसऱ्यांदा निघाले वाटतं!"

"आणि पोरगा बघा किती गुणी," दुसरी म्हणाली. "शहरात राहून माणुसकी विसरला नाही."

कोर्रादो मान खाली घालून पुढे जाऊ लागला. ग्वाल्तिएरोने त्याचा खांदा दाबला.

"थांब. सांग यांना."

"काका, आत्ता?"

"मला सांगितलंस ना? यांनी महिनाभर तुझ्या गाडीची कीव केलीये."

पाठीवरचं ओझं तसंच सांभाळत कोर्रादोने सांगितलं. तळं, मासे, बंद फोन, सगळं. सांगताना आवाज इतका खाली गेला की एका बाईने "काय म्हणाला?" असं विचारलं आणि त्याला शेवटचं पुन्हा सांगावं लागलं.

नुन्त्सियाता उभी राहिली. "तुझा बाप अंगात ताप असताना दांडीला यायचा. लाज—"

"पुरे, नुन्त्सियाता," पाठीवरून ग्वाल्तिएरो म्हणाला. "चल रे."

मळ्यात त्याला दगडी बांधावर बसवून कोर्रादोने वाफा उकरला. पाकळ्या लावायला घेतल्या. बोलून टाकलं की मोकळं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं झालं नाही. आता तर नुन्त्सियाताचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

"खोल जातायत. वर घे," ग्वाल्तिएरो म्हणाला.

त्याने वर घेतल्या. अर्धी ओळ झाल्यावर विचारलं, "काका, पुढच्या वर्षी दांडी...?"

"बेस्निक धरेल." बेस्निक म्हणजे अल्बानियाहून येऊन आमच्यात राहिलेला गवंडी. "उत्सवाच्या दिवशी मला उचलून दरवाजापर्यंत त्यानेच नेलं. कालच विचारलं मी त्याला, तुला पुन्हा यायला उशीर झाला तर म्हणून. तुझ्याशी बोलून मग हो म्हणतो म्हणाला."

"आणि मी?"

"तू मागून चाल. लोकांबरोबर."

कोर्रादोने हातातली पाकळी मातीत दाबली. ओरात्सिओंनी ती दांडी किती वर्षं धरली होती, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. ग्वाल्तिएरोने नजर वळवली नाही.

"बेस्निकला मी स्वतः जाऊन सांगतो," कोर्रादो म्हणाला.

"सांग. पण आधी ही ओळ पुरी कर. वाकडी चाललीये."