पाहुण्यांसाठी धुतलेला चर

मित्रांनो, मी एक जुना क्षारमापक आहे. पाण्यात मीठ किती, एवढंच मला सांगता येतं. पेनापेक्षा जरा जाड अंग, पोटात दोन सेल, टोकाला धातूच्या दोन काड्या. सध्या पाणी कार्यालयातल्या कपाटाच्या खालच्या खणात, सुट्या स्क्रूंच्या आणि वाळलेल्या गोंदाच्या बाटलीच्या शेजारी माझा मुक्काम आहे. थकलोय आता. पण तुम्ही ऐकत असाल तर सांगतो.

कारखान्यात मला पहिल्यांदा पाण्यात बुडवलं, तेव्हा मी बरोबर आकडा दाखवला म्हणून पाठीवर शिक्का बसला. एवढं कौतुक पुन्हा काही वाट्याला आलं नाही. तिथून मी आलो थेट ताईंच्या खिशात. ताई म्हणजे या कार्यालयाच्या पाणी तपासनीस. वरच्या गावातल्या शेतांचं जास्तीचं पाणी चरांतून नदीला मिळायचं आणि जमिनीतलं मीठ सोबत न्यायचं. ताई चरात उतरायच्या, मला बुडवायच्या, आकडा वहीत लिहायच्या. आकडा जितका मोठा, तितकं पाणी खारट. ऊन असो, चिखल असो, आमची फेरी चुकली नाही.

नदी एकच, पण वर शेतं आणि खाली शहर. म्हणून ठरलं होतं की शहराने पैसे घालायचे आणि त्यातून वरच्या शेतांत ठिबक बसवायचं, म्हणजे पाणी भरमसाट सोडावं लागणार नाही आणि मीठही वाहून जाणार नाही. निम्म्या शेतांचं काम झालं. उरलेल्यांत वरच्या गावातल्या एका काकूंचं शेत होतं. काकूंची धाकटी बहीण खाली, शहराच्या वेशीवर लिंबाची रोपं वाढवून विकायची. खारट पाण्याने तिच्या रोपांची पानं कडेने करपत होती. यंदा तुझं पाणी सुधारतं बघ, असा शब्द काकूंनी तिला देऊन ठेवला होता.

पुढचे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला शहरातून मोठे साहेब येणार होते. काकूंच्या मनात आलं, पाहुणे यायचे तर अंगण झाडतो, मग चर तसाच कसा ठेवायचा? इतकी वर्षं राबलेल्या ताईंची मान खाली जायला नको. म्हणून त्या दिवशी पहाटेच त्यांनी कालव्याची झडप उघडली आणि गोड्या पाण्याने चर लख्ख धुऊन काढला. कोणाला बोलल्या नाहीत.

साहेबांसमोर ताईंनी मला बुडवलं. आदल्या आठवड्यात तीन हजार दाखवणारा मी, चारशेवर थांबलो. ताईंनी मला झटकलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा चारशे. ताईंचा चेहरा उजळला आणि विचारायचं राहूनच गेलं. साहेबही खूश झाले. पाणी इतकं चांगलं झालं असेल तर आणखी खर्च कशाला, म्हणाले, आणि उरलेले पैसे दुसरीकडे वळवले. चराच्या काठावर उभ्या काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

महिन्याभराने काकू बहिणीला घेऊन कार्यालयात आल्या. बहिणीच्या हातात करपलेलं रोप होतं.

"ताई, त्या दिवशी चर मीच धुतला होता," काकू म्हणाल्या. "माणसं येणार, म्हटलं घाण कशी दाखवायची."

बहिणीने रोप टेबलावर ठेवलं. "अगं, पण ते पाणी शेवटी माझ्याकडेच येतं ना," एवढंच म्हणाली.

नियम कडक होता. मोजणीत लबाडी करणाऱ्याचं नाव ठिबकच्या यादीतून कायमचं कटायचं.  काकूंचं नाव कटू नये म्हणून ताईंनी साहेबांना पत्र लिहिलं की जुन्या यंत्राने चुकीचा आकडा दाखवला, फेरमोजणी व्हावी. कागद पंख्याने उडू नये म्हणून त्यावर मलाच ठेवलं होतं. मित्रांनो, फार लागलं मला. जन्मात एकदाही चुकलो नव्हतो. चारशे म्हणालो तेव्हा पाणी चारशेचंच होतं.

नवं यंत्र आलं, फेरमोजणी झाली, पैसे पुन्हा मंजूर झाले. पण त्यात दीड वर्ष गेलं आणि तोवर बहिणीची निम्मी रोपं उपटून टाकावी लागली होती. काकूंच्या शेतात ठिबक बसलं. मी खणात गेलो.

परवा ताईंनी काकूंच्या चराचं पाणी बाटलीतून आणलं. नव्या यंत्राने मोजलं. मग खण उघडून माझ्यात सेल घातले आणि मलाही बुडवलं. दोघांचा आकडा एकच आला, नऊशे. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. "चुकलं रे माझं," म्हणाल्या, मला पुसून परत ठेवलं, आणि सेल काढायला मात्र विसरल्या. सेल पाझरले की माझा कारभार आटोपला.

तुमच्या घरी असं एखादं यंत्र पडून असेल तर त्याचे सेल काढून ठेवा, टोक साध्या पाण्याने धुवा. आणि कोणी पाणी मोजायला येणार असेल, तर त्या दिवशी तेवढा चर धुऊ नका.