गवताची साखर

डॉ. सुमंतांना स्वतःच्या आवाजाचं फार कौतुक होतं. हिंगण्याच्या त्या खाजगी संशोधन केंद्रात टेक्निशियन म्हणून बारा वर्षं काढलेल्या वंदनाच्या कानाला मात्र तो आवाज टोचे.

नेपियर गवत बारीक करून कॉस्टिक सोड्यात उकळायचं, मग त्यावर एन्झाइम टाकून साखर काढायची, ही साहेबांची ‘स्वस्त’ पद्धत. तो सोडा धुऊन काढायला मणभर गवतामागे अर्धा टँकर पाणी लागे. ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

“सर, एन्झाइमच्या बाटलीतही साखर राहते. ती वजा करा लागन,” वंदना एकदा म्हणाली.

“वंदना, तुम्ही बाटल्या धुवा. विचार करायला मी आहे.”

तिने बाटल्या धुतल्या. आणि साहेब घरी गेल्यावर गवत न घालता, नुसतं पाणी नि एन्झाइम, असा एक नमुना ठेवून दिला.

इथेनॉलचा कारखाना चालवणारे देवराव पाहायला आले. साहेबांनी आकडा दाखवून छाती फुगवली. वंदनाने शांतपणे आपल्या नमुन्याची नळी साखर मोजायच्या मीटरला लावली.

“यात गवत नाही जी. तरी साखर आलीच.”

देवरावांनी दोन्ही आकडे वाचले. “म्हणजे साहेब आम्हाले चुना लावून राहिले होते?”

“नाही जी. चुना लावला असता तर बरं झालं असतं,” वंदना म्हणाली. “गवत चुन्याच्या पाण्यात भिजवलं तर खरी साखर तेवढीच निघते, करून पाहिलं मी. धुवायलेही पाणी कमी, अन् चुना सोड्याहून स्वस्त.”

“मीटर खराब आहे!” साहेब ओरडले. मीटर त्यांनीच मागवला होता.

देवरावांना आता चुन्याच्या पद्धतीचा अहवाल हवा होता. पंधरा दिवसांनी साहेब तिच्या टेबलाशी आले, कधी नव्हे ते हळू बोलत. “तुमची चुन्याची वही द्या.”

“देते. अहवालावर पहिलं नाव माझं राहीन.”

“टेक्निशियनचं नाव पहिलं? वेड लागलंय?”

वंदनाने वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. साहेबांनी स्वतः करून पाहिलं. तीन दिवस हाताला चुना चिकटला, पण साखर काही निघेना. भिजवायचे तास तिच्या वहीतच होते.

चौथ्या दिवशी अहवालाचं पहिलं पान आलं. पहिलं नाव तिचंच, पण ‘वदंना’ असं छापलेलं.

“अनुस्वार चुकला सर,” तिने पान परत सरकवलं. “नीट करून आणा. घाई नाही मले.”