पंधरा सोंगट्या

पहिला पट करपला. मावशीने ओव्हनचं दार उघडलं तेव्हा ल्यूडोचं पांढरंशुभ्र मधलं घर टोस्टच्या कडेसारखं तपकिरी झालं होतं. साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन, जाडी एक मिलिमीटर. चार रंगांच्या, भाजल्यावर कडक होणाऱ्या पॉलिमर क्लेच्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडून, ब्लेडने एकेक घर कापून तिने तो दोन संध्याकाळी खपून केला होता. दातांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं कवळ्या घडवणाऱ्या बाईला हे शोभण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या वेळी तिने आच कमी ठेवली, वेळही निम्मा केला. पट झकास उतरला. पण त्याच घाण्यात तिने सोळा सोंगट्याही भाजल्या होत्या, आणि त्या पटाहून कितीतरी जाड होत्या. वॉर्निश लावताना एका पिवळ्या सोंगटीची मान तिच्या बोटांत कट्‌कन मोडली. आतून कच्ची. सगळ्याच परत भाजायला हव्यात, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण मोठीने सकाळपासून तीनदा फोन केला होता, ‘झाला का गं?’ मावशीने मान चिकटवली, सगळ्यांवर वॉर्निशचा आणखी एक हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, बाहुल्यांना तर खेळायचंय, कोण आपटणार आहे!

मोठी म्हणजे तिच्या ताईची आठ वर्षांची लेक. तिच्या खोलीतलं तीन मजली बाहुलीघर मावशीनेच हळूहळू भरलं होतं. धाकटी दीड वर्षाची, तिला सगळे छोटीच म्हणत. घराच्या मापाने पाहिलं तर सोंगट्या दोन मिलिमीटरच्या हव्या होत्या, पण मोठीच्या बोटांत धरता याव्यात म्हणून मावशीने त्या सहाच्या केल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी खेळ हातात घेऊन ताईने विचारलं होतं, ‘‘आणि छोटीच्या हाती लागल्या तर?’’

‘‘वरच्या फळीवर ठेव की,’’ मावशी हसली होती. ‘‘तुझं आपलं काहीतरीच.’’

रविवारी दुपारी मावशी आणि मोठी बाहुलीघरासमोर जमिनीवर बसून खेळत होत्या. इवलासा फासा उचलायचा चिमटा बाहेरच्या खोलीत पर्समध्ये राहिला म्हणून मावशी उठली. मोठी पाणी प्यायला गेली. दार उघडं राहिलं. अर्धं मिनिट, फार तर पाऊण.

पर्समध्ये हात घातला असतानाच मावशीला खोकला ऐकू आला. साधा खोकला नव्हता तो. एकामागून एक, मध्ये श्वासच नाही. ती धावली. छोटी पटापाशी बसली होती, चेहरा लालाचा जांभळा होत चाललेला, डोळे वटारलेले. मावशीने तिला मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीत तळहाताने चापट्या मारल्या. पाचव्या चापटीला पोरीने हवा ओढली आणि भोकाड पसरलं. 

ताई धावत आली. ‘‘काय झालं? काय झालं?’’

‘‘ठसका लागला.’’

पाच मिनिटांत छोटी ताईच्या कडेवर गप्प झाली. दहा मिनिटांत तर बांगडी ओढून हसायला लागली. मावशी तोवर गुडघ्यांवर बसून सोंगट्या मोजत होती. हिरव्या चार, निळ्या चार, पिवळ्या चार. लाल तीन. तिने परत मोजल्या. पलंगाखाली टॉर्च मारला, सतरंजी झटकली, बाहुलीघराचे तिन्ही मजले बोटाने चाचपले.

‘‘ताई, एक लाल नाहीये.’’

‘‘असेल कुठेतरी घरंगळलेली. बघ ना, खेळतेय ती मजेत.’’

मावशीलाही तेच हवं होतं. हो म्हणावं, चहा टाकावा, संध्याकाळी झाडताना कपाटामागे सोंगटी सापडावी. ती उठली आणि छोटीच्या उघड्या पाठीला कान लावला. डावीकडे नुसता श्वास. उजवीकडे, श्वास सोडताना, बारीक शिट्टी. फटीतून वारा यावा तशी.

‘‘ताई, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय.’’

‘‘अगं पण तिला काहीच...’’

‘‘ताई, वाद नको. चल.’’

भावोजी कामानिमित्त परगावी होते. शेजारच्या काकांनी गाडी काढली, काकूंनी मोठीला ठेवून घेतलं. मावशीने निघताना पंधराच्या पंधरा सोंगट्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून खिशात टाकल्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.  वाटेत ताई सगळा वेळ पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

रुग्णालयातली डॉक्टर मावशीच्याच वयाची होती, बोलायला तुटक. तिने स्टेथोस्कोप लावला, तो दोनदा उजवीकडे नेला. एक्स-रे काढला. फोटोत सोंगटी काही नीट दिसेना, पण उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा फुगलेलं दिसत होतं.

‘‘वस्तू उजव्या श्वासनळीत आहे असं धरून चालू,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘हवा आत जातेय, पण नीट बाहेर पडत नाहीये. भूल देऊन दुर्बिणीतून काढावी लागेल, आत्ताच. केवढी आहे?’’

ताईने बोटाचं पेर दाखवलं. ‘‘अशी, एवढीशी...’’

‘‘उंची सहा मिलिमीटर, बूड चार, मान दीड, डोकं अडीच,’’ मावशी म्हणाली.

डॉक्टरने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

‘‘अगदी तशीच दुसरी आहे?’’

मावशीने डबी पुढे केली. डॉक्टर खूश झाली. ‘‘छान. चिमटा आधी हिच्यावर बसवून बघते. मानेत मस्त पकड मिळेल.’’

 ताई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं.

‘‘मानेत धरू नका,’’ ती म्हणाली. ‘‘मोडेल.’’

‘‘का?’’

‘‘नीट भाजलेली नाही. आतून कच्ची आहे. एक मोडली होती... मला माहीत होतं.’’

ताईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरने लांब चिमट्याने एक हिरवी सोंगटी मानेत धरली आणि हलकेच दाबली. डोकं टप्पकन टेबलावर पडलं आणि गोल फिरत थांबलं.

‘‘बुडाला धरेन,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘पण आत ती कशी पडलीय ते माझ्या हातात नाही.’’

मग तो बाक. पाठीमागे हिरवट भिंत, समोर दोन झापांचं दार. ताई एका टोकाला, मावशी दुसऱ्या टोकाला, मधे छोटीची दुपट्यांची पिशवी. ताई दाराकडे बघतच म्हणाली, ‘‘मी विचारलं होतं तुला.’’

‘‘हो.’’

‘‘तू हसलीस.’’

‘‘हो गं.’’

 ताईने चार शिव्या घातल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं.

झाप उघडलं. नर्स घाईने बाहेर आली, हातात स्टीलची वाटी. ‘‘सोंगटीवाल्या कोण? डॉक्टरांनी विचारलंय, ही अख्खी आहे का? लगेच सांगा.’’

वाटीत लाल सोंगटी आडवी पडली होती. मावशीने डबीतली दुसरी लाल काढून तिच्या शेजारी धरली. तिने कोपर भिंतीला टेकवलं. बूड ठीक. मान ठीक. डोकं... तिने वाटी उजेडात कलती केली. डोक्याची मागची बाजू सपाट होती, आणि तिथे चकाकी नव्हती.

‘‘नाही. मागचा कपचा उडालाय. हे बघा, इथे वॉर्निश नाही, म्हणजे वॉर्निश लावल्यावर तुटलंय. तांदळाच्या कणीएवढा तुकडा आहे. थोडा मोठाच.’’

‘‘नक्की?’’

खेळताना टवका उडाला असेल का? सतरंजीवर पडला असेल का? तिने मनात दुपारचे सगळे डाव आठवून पाहिले. लाल सोंगट्या तिच्याच होत्या, प्रत्येक तिने हाताळली होती, सगळ्या अख्ख्या होत्या.

‘‘नक्की. आतच आहे.’’

झाप मिटलं. ताई उठून दारापाशी गेली आणि काचेवर कपाळ टेकवून उभी राहिली. मावशी उठली नाही. तिला वाटलं, आपण चुकलो असलो तर त्या लेकराला उगाच आणखी भूल, आणखी चिमटे. आणि बरोबर असलो तर? घड्याळाचा मिनिटकाटा अकरा वेळा सरकला. तिने मोजलं.

डॉक्टर स्वतःच बाहेर आली. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. तळहातावर कापसाचा बोळा, त्यावर लाल ठिपका.

‘‘तुकडा आणखी खाली सरकला होता. माहीत नसतं तर मी तो आतच ठेवून बाहेर आले असते,’’ ती म्हणाली. ‘‘दोन्ही बाजूंना हवा छान जातेय. आजची रात्र इथे राहा.’’

ताई रडली ती डॉक्टरच्या खांद्यावर. मावशीकडे ती आली नाही.

तासाभराने छोटी बसक्या आवाजात, कावळीसारखी रडत जागी झाली. तिला छातीशी धरून ताई म्हणाली, ‘‘तू घरी जा. काकूंचा फोन होता. मोठी कोपऱ्यात बसलीय, जेवत नाहीये. दार मी उघडं टाकलं म्हणतेय.’’

‘‘जाते.’’

‘‘आणि खरं सांग तिला. सगळं.’’ ताईने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ‘‘माझा राग जायला वेळ लागेल. पण उद्या सकाळी ये. मला एकटीला नाही जमायचं.’’

मोठी काकूंच्या सोफ्यामागे गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मावशी तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि काहीही न गाळता सांगितलं. करपलेला पट, कच्च्या सोंगट्या, मोडलेली मान, छोटीचा बसलेला आवाज, आणि खोलीतून आधी कोण उठलं ते.

‘‘दाराचा काही संबंध नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मोठं माणूस मी होते.’’

मोठीने गुडघ्यांतून डोकं वर काढलं. ‘‘छोटीचा आवाज परत येईल?’’

‘‘दोन दिवसांत. परत डोकं उठवेल तुझं.’’

‘‘मग भात वाढा म्हणावं काकूंना,’’ मोठी म्हणाली आणि बाहीने नाक पुसत उठली.