तांब्याचं झाकण आणि दोन डबे

बाईंच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी इमारत दाटीवाटीने बसली होती आणि घरातल्या लहरींचं विष उतरवणारे तरंगमहाराज हातातलं यंत्र टीव्हीखालच्या इंटरनेटच्या डब्याकडे नेत होते. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. वरचं तांब्याचं झाकण काढून जवळ जाताच यंत्र किंचाळलं. झाकण परत ठेवताच गप्प झालं. पुढे बसलेल्या काकूंनी हात जोडले.

"डोळ्यांना दिसत नाही म्हणून विष नसतं का, माउली?" महाराज म्हणाले. झाकणाने विष तात्पुरतं दबतं, पण डबा घराबाहेर गेल्याशिवाय समूळ जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ऋण तरंग, प्राणकंप, ऊर्जागाठ, असल्या शब्दांचा त्यांनी नुसता सडा घातला. यातला एकही शब्द विज्ञानाचा नाही, हे ओळखायला त्या खोलीत एकच माणूस लायक होतं, ते म्हणजे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई. आणि त्याच सगळ्यांत आधी मान डोलावत होत्या.

त्यांचं डोकं उन्हाळाभर ठणकत होतं. मागच्या भेटीत महाराजांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि आठवड्याभरात ठणकणं थांबलं. जिन्यात भेटेल त्याला बाईंनी हे सांगितलं. खुद्द विज्ञानाच्या बाई सांगतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? घरोघरी झाकणं गेली.

आज डबा घराबाहेर जायचा होता आणि त्याच्याबरोबर सुनेची नोकरी. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून इस्पितळाचे रिपोर्ट टाइप करायची आणि नेटवरून पाठवायची. नेट नाही तर काम नाही. तुमच्या तब्येतीपुढे नोकरीचं काय, एवढंच म्हणून ती उद्या राजीनामा देणार होती. बाईंनीही तिला एका शब्दाने अडवलं नव्हतं.

सून पुढे आली. "आई, यातला कुठला डबा काढू? दोन आहेत."

"हा, दिवे लुकलुकतात तो," महाराजांनीच परस्पर सांगितलं.

"पण यातून हवेत काहीच जात नाही," सून चाचरत म्हणाली. "रस्त्यावरची तार यात येते आणि दुसऱ्या तारेने नेट पुढे जातं. ते हवेत सोडतो तो राउटर. तो आईंच्या उशाशी आहे, पुस्तकांच्या मागे. स्वयंपाकघरात नेट पोचेना म्हणून मीच तिथे ठेवला. अजूनही चालूच आहे."

"मग झाकण ठेवलं तेव्हाच का नाही बोललीस?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही विज्ञान शिकवलंय. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या लहरींच्या नावाने त्यांनी गावभर डांगोरा पिटला, त्यांच्याच शेजारी डोकं ठेवून त्या ढाराढूर झोपत होत्या. मग डोकं दुखायचं थांबलं कशाने? त्याच आठवड्यात त्यांचा नवा चष्मा आला होता. नंबर वाढल्यामुळे डोकं दुखतंय, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेही होते. श्रेय मात्र त्यांनी झाकणाला दिलं.

त्यांनी महाराजांना दाराबाहेर उभं केलं. सुनेला दोन्ही डब्यांची बटणं बंद करायला लावली, टीव्हीखालच्या डब्यावरचं झाकण काढून टॉवेल टाकला आणि महाराजांना आत बोलावलं. यंत्र पुन्हा किंचाळलं. बाईंनी टॉवेल उचलला. डब्यावर एकही दिवा नव्हता.

विष आत मुरलेलं असतं, असं महाराज सांगू लागले. बाईंनी यंत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. अंगठ्याच्या जागी छोटंसं बटण होतं. यंत्र महाराजांच्याच छातीकडे रोखून त्यांनी ते दाबलं आणि यंत्र किंचाळलं. कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी चपला गाठल्या.

काकू मात्र बसूनच राहिल्या. "पण बाई, तुम्हीच तर सांगितलंत," त्या हळूच म्हणाल्या.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"हो, मीच सांगितलं, आणि त्याची मला लाज वाटते. वर्गात पोरांना सांगायचे, एकच गोष्ट बदला, बाकी तशीच ठेवा आणि बघा. घरी साधं एक बटण बंद करून बघितलं नाही. सुनेची नोकरी घालवायला निघाले. आता हे तरी मी म्हणते म्हणून मानू नका. घरी जा, बटण बंद करा, चालू करा, स्वतः पडताळून बघा. आणि डोकं दुखलं तर डॉक्टरकडे जा."

लोक उठले. बाई सुनेकडे वळल्या.

"राजीनामा द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे मी काहीही सांगितलं ना, तरी आधी मला विचारायचं, कशावरून?"