वरची दोन सप्तकं

सकाळी दहा चाळीसला सूर मोजणारा काटा मध्यावर उभा राहिला. फोनच्या स्क्रीनवर, हिरव्या रेघेवर, बरोबर. त्याने पुढची पट्टी दाबली. काटा जरा थरथरला आणि पुन्हा तिथेच. त्याच्या पुढची पट्टी. त्याच्याही पुढची. पियानोच्या उजव्या टोकाच्या या पट्ट्या दादाने आजच सकाळी लावल्या होत्या, आणि गेल्या सात महिन्यांत दादाने लावलेल्या या टोकाला काटा एकदाही मध्यावर राहिला नव्हता; कायम उजवीकडे, चढा, कधी थोडा, कधी बराच... म्हणून तर —

त्याने फोन पियानोच्या झाकणावर ठेवला. मग लगेच उचलला.

दुकानाचं शटर वर करण्याआधी सगळी ॲप अपडेट करायची आणि काय बदललं ते वाचून काढायचं, ही त्याची रोजची सवय. लोक वर्तमानपत्र वाचतात तसं तो ते वाचे. आज सूर मोजणाऱ्या ॲपखाली तीन ओळी होत्या. पियानोसाठी नवी सोय: वरच्या पट्ट्या गणितापेक्षा किंचित चढ्या आणि खालच्या किंचित उतरत्या लावाव्या लागतात, तरच त्या कानाला बरोबर वाटतात, जाणकार तसंच लावतात, आता काटाही तेच धरून चालेल. त्याने ती सोय सुरू केली होती. सहज, नवीन काही आलं की करतो तशी. आणि आता काटा दादाच्या प्रत्येक सुरावर जाऊन उभा राहत होता, शाळेतल्या हुशार मुलासारखा.

दादा खिडकीपाशी दुसऱ्या एका पियानोच्या खुंट्या बघत होता. त्याची पाठ इकडे होती.

हा फोन त्याने घेतला तेव्हा रस्त्यावरच्या एकाही दुकानदाराकडे तसला नव्हता. शेजारचा चष्मेवाला रोज येऊन काचेवर बोट फिरवून जाई. त्याने त्यात ताल देणारं ॲप घातलं, स्क्रीनवर वाजणारी पेटी घातली, रस्त्यात कुठेही गाणं लागलं की फोन उंच धरून त्याचं नाव सांगणारं ॲप घातलं आणि भाजी आणायला गेलेला माणूस गाण्यांची नावं घेऊन परत येऊ लागला. वहिनी म्हणाली, “आता याच्यासाठी मुली बघायला नकोत. जमलंय याचं.” दादा म्हणाला, “कानामागून आली आणि तिखट झाली.” पण हसून म्हणाला. आणि मग एके दिवशी हे काट्याचं ॲप सापडलं.

कान नाही रे याला. वडील म्हणाले होते, तो आठ वर्षांचा असताना. दोन तारा छेडून विचारलं होतं, यातली चढी कुठली? दादाने त्याच वयात ओळखली होती, म्हणे, तिसरी तारही ओळखली होती. याने चुकीच्या तारेला बोट लावलं. वडील रागावले नाहीत, हेच लक्षात राहिलंय. त्यांनी शांतपणे पॉलिशचं फडकं त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून लाकूड त्याचं, नमद्याच्या हातोड्या त्याच्या, खुंट्या घट्ट करणं, गिऱ्हाइकाकडे पोहोचवणं त्याचं, आणि सूर दादाचा. तीस वर्षं. तक्रार नव्हती. फक्त दादा पियानो लावत असताना, डोळे अर्धवट मिटून, सूर लावायची किल्ली केसभर फिरवून थांबत असताना, त्याला काय ऐकू येतंय ते आपल्याला येत नाही, एवढंच वाटायचं... बंद दाराबाहेर उभं राहिल्यासारखं.

काट्याने दार उघडलं. आता त्यालाही दिसत होतं. आणि पहिल्याच आठवड्यात काय दिसलं, तर दादाचा वरचा भाग चुकतोय.

त्याला वाईट वाटलं होतं, हे खरं आहे. हे त्याने स्वतःला पुन्हा एकदा बजावलं. दादा छप्पन्न वर्षांचा, माणसाचे आधी वरचे सूर जातात, हे त्याने फोनवरच वाचलं होतं. कोणाला कळायच्या आत सावरायला हवं. दादा एकला जेवायला घरी जाई, तीनला येई. त्या दोन तासांत तो शेजारच्या तारा गप्प करायला रबराची पाचर घाले, किल्ली लावे आणि काटा मध्यावर येईपर्यंत वरची दोन सप्तकं खाली आणी. एकतीस पियानो. फोनमध्ये यादी आहे, तारखांसकट. वाईट वाटलं होतं, पण काटा हिरवा झाला की छातीत जे व्हायचं ते वाईट वाटणं नव्हतं.

संध्याकाळी दादा पट्ट्यांवरून हात फिरवी आणि थांबे. “सकाळी बरोबर होतं रे. पडलेलं वाटतंय.” आधी त्याने तारांना दोष दिला. मग हवेला. मग म्हणाला, खुंट्या ढिल्या आहेत का बघ; याने बघितल्या, घट्ट आहेत म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. आणि महिन्यापूर्वी, शटर ओढताना, दादाने खाली वाकलेल्या अवस्थेतच विचारलं, “माझा कान गेलाय का रे?”

“वय होतं, दादा,” तो म्हणाला होता. समजुतीच्या सुरात.

एक वाजला. दादा घरी निघाला नाही. त्याने हात धुतले, पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला.

“घरी नाही जाणार?”

“साडेतीनला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तुझी वहिनी इथेच येईल.”

“कशाला?”

“केस कापायला.” दादाने झाकण उघडलं. “ये, जेव.”

दोघे जेवले. दादा म्हणाला, “डॉक्टर काय सांगायचं ते सांगेल. उद्यापासून वरची दोन सप्तकं तू लाव. त्या तुझ्या यंत्रावर. खालचं मी बघतो, जमेल तितके दिवस.”

“दादा, असं काही —”

“अरे, तूच म्हणालास ना, वय होतं म्हणून. बरं केलंस बोललास. दुसऱ्या कोणी तोंडावर सांगितलं नसतं.”

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याने दादाच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, सापडला नाही. घास तोंडात फिरत राहिला.

वहिनी येईपर्यंत दोन तास. सांगायला एक वाक्य पुरे होतं. त्याने ते तऱ्हेतऱ्हेने जुळवलं — तुझा कान चांगला आहे, दादा, मीच... नाही. ते ॲपच चुकीचं होतं... नाही, ॲपने किल्ली फिरवली नव्हती. किंवा काहीच सांगायचं नाही. आजपासून फक्त हात लावायचा नाही. किंवा उद्यापासून खरंच आपण लावायचं, नव्या सोयीवर, थेट दादासारखं, आणि कोणाला म्हणजे कोणाला कळणार नाही, गिऱ्हाईक म्हणेल, धाकट्याचाही कान थोरल्यासारखाच... हे इतकं सोपं होतं की त्याला खुर्चीवरून उठवेना. बाहेर पडायला तीन दारं दिसत होती आणि तिन्ही याच खोलीत उघडत होती.

“दादा.”

“हं?”

“त्या झाकणाला पॉलिश उद्या मारतो.”

“मार की.”

तीन वाजून पाच मिनिटांनी वहिनी आली. दादाने किल्ली तेलाच्या फडक्याने पुसली, नेहमीच्या खणात ठेवायच्या ऐवजी धाकट्याच्या बाजूला बाकावर ठेवली आणि चपला घातल्या. वहिनी म्हणाली, “तू का असा बसलायस? कान यांचे तपासायचेत.”

ते गेले. तो बसून राहिला. सात महिने या वेळेला दुकान त्याचं एकट्याचं असे आणि त्याला ते पुरत नसे. आज चार भिंती, नऊ पियानो आणि तो. त्याने फोन हातात घेतला, एकतीस पियानोंची यादी उघडली, पुसून टाकण्यासाठी बोट टेकवलं. फोनने विचारलं, नक्की? तो त्या प्रश्नाकडे बघत राहिला, स्क्रीन काळी होईपर्यंत.

चार एकोणीसला फोन वाजला. वहिनी.

“कान ठणठणीत आहेत म्हणाले डॉक्टर. तिशीतल्या माणसाचे असावेत तसे.” तिने आवाज खाली आणला. “मला वाटलं, आनंद होईल यांना. बाहेर बाकावर येऊन बसलेत. म्हणतात, कान चांगले असतील तर मग डोकंच बिघडलंय. ऐकतच नाहीत माझं. तू समजाव.”

“मी काय...”

“तुझंच ऐकतील. देते हं.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर आली. मग गाड्यांचा आवाज, कोणाचा तरी खोकला, आणि त्याच्यामागे दादाचा श्वास, नेहमीपेक्षा जरा भरभर. हे सगळं त्याला वेगवेगळं ऐकू येत होतं. दुपारपासून जुळवलेली वाक्यं त्याने शोधली. एकही जागेवर नव्हतं. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते उघडलेलं होतं.

“बोल,” दादा म्हणाला.

चार बावीस झाले होते.